कारण विचारू नका, कायदा पोहोचवा

प्रति,
माननीय कलेक्टर,
जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश

महोदय,



चाळिशी ओलांडलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या आणि मूल नसलेल्या बायकांबद्दल हे पत्र आहे. मोहगावात, सौंसरात, पांढुर्ण्यात, आपल्या जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांत त्या आहेत. कापूस वेचायला आणि संत्र्याच्या तोडीला त्या असतात. पुतण्याच्या लग्नात चार दिवस आधीपासून चुलीपुढे असतात, भाचीच्या बाळंतपणात रात्री जागतात. सरकारी कागदावर मात्र त्यांना जागा सापडत नाही. आईसाठी असलेल्या योजनांत त्या बसत नाहीत आणि वृद्धांसाठी असलेल्या योजनांचं त्यांचं वय झालेलं नाही. मधली ही पंधरा-वीस वर्षं कुणाच्या हिशेबात नसतात, आणि त्यांचं म्हातारपण कसं जाणार हे नेमकं याच वर्षांत ठरतं.

आपला जिल्हा नवा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा तो झाला. जुन्या कचेऱ्यांत चालत आलेल्या रीती मोडाव्या लागतात. नव्या कचेरीत त्या घालून द्यायच्या असतात. म्हणून हे आताच लिहीत आहे.

पत्र मराठीत आहे. राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो. घरातली भाषा तीच राहिली. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती या घरांत मराठीतच बोलली जाते आणि मराठीतच गिळली जाते.

मी स्वतः बावन्न वर्षांची आहे. लग्न होऊन मोहगावात आले, इथेच राहिले. मला मूल नाही. ते का नाही, हे या पत्रात मी लिहिणार नाही. ते कारण कळल्याशिवायही माझं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, एवढंच मला सांगायचं आहे. पुढचं सगळं पत्र या एका मुद्द्यासाठी आहे.

विचारून काय कळतं?

“लेकरू कायले नाही वं?” आमच्याकडे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडूनही येतो. विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण उत्तर काय येतं त्यावर पुढची वागणूक ठरते. ‘झालंच नाही’ म्हटलं की कीव सुरू होते: अमका उपास कर, जामसावळीच्या मारुतीला नवस बोल, तमक्या गावच्या औषधाचा गुण येतो. ‘आम्हाला नको होतं’ म्हटलं की चेहरा बदलतो. मग ती आपमतलबी, नवऱ्याचा वंश बुडवणारी, म्हातारपणी कळेल तिला.

कीव सोसणं रागापेक्षा सोपं असतं. म्हणून ज्यांनी विचारपूर्वक ठरवलं, त्याही गावात ‘देवानं दिलं नाही’ असंच सांगतात. उलट ज्यांनी वर्षानुवर्षं उपचार केले आणि हात टेकले, त्यांतल्या काही जणी नागपूर-पुण्यात नोकरीच्या जागी ‘आम्हीच ठरवलं’ म्हणतात, कारण तिथे तेवढ्यावर बोलणं थांबतं. जी बाई जिथे उभी असते, तिथे कमी दुखेल ते उत्तर देते. अशा उत्तरावरून तिला किती मान द्यायचा, किती सांभाळायचं हे ठरवणं चुकीचं आहे, आणि गाव नेमकं तेच करतं.

खरं सांगायचं तर पुष्कळ जणींना स्वतःलाही एका शब्दात उत्तर देता येत नाही. बाप लवकर गेला म्हणून थोरली मुलगी कामाला लागते, भावंडांची लग्नं उरकते, आणि तिच्यासाठी स्थळ बघायला कुणी उरत नाही, तोवर चाळिशी येते. तिनं हे निवडलं का? भावंडांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हे तर तिनंच ठरवलं होतं. दुसरीचं लग्न वेळेवर होतं, पण यंदा संत्र्याला भाव नाही, पुढच्या वर्षी दिराचं लग्न आहे, त्यापुढच्या वर्षी सासू अंथरुणाला खिळली, असं करत दहा वर्षं निघून जातात. तिसरीचा नवरा स्वतःची तपासणी करायलाच तयार होत नाही. चौथीला तीनदा दिवस गेले आणि तीनदा पडले; चौथ्यांदा नको, हे तिनं ठरवलं. पाचवीनं आणि तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर एकमेकांशी बोलून मूल नको असं ठरवलं आणि ते त्यात सुखी आहेत. सहावीला मुळात कधी ओढ वाटलीच नाही.

या सहा जणींत ‘निवड’ कुठे संपते आणि ‘परिस्थिती’ कुठे सुरू होते याची रेघ ओढून दाखवता येईल का? चौथीच्या बाबतीत तर दोन्ही आहे. आणि पाचवीला एखाद्या दिवशी शेजारच्या बारशाहून परतताना गलबलून आलं, तर तिचा निर्णय खोटा ठरत नाही. माणूस घेतलेल्या प्रत्येक मोठ्या निर्णयाबद्दल कधी ना कधी हळहळतो. पाच लेकरं झालेली आईसुद्धा हळहळते; तिला कुणी ‘बघ, तुझं चुकलंच’ म्हणत नाही.

हे नवं नाही

मूल नको असा विचार ही शहरातल्या शिकलेल्या पोरींची नवी टूम आहे, असं आपल्याकडे समजतात. मराठी समाजात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उघडपणे झालेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही याच वर्षी. संततिनियमनाच्या कामापायी रघुनाथरावांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. मूल किती आणि कधी, हे बाईच्या मर्जीवर असावं, ही त्यांची मागणी होती. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यावर त्यांचा आक्षेप नव्हता.

त्याआधीचं एक घर सगळ्यांना माहीत आहे, पण या अंगानं त्याच्याकडे कुणी पाहत नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांना मूल नव्हतं. त्या काळी पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि रीत तर तीच होती. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ज्या विधवा तिथे आल्या, त्यांतल्या काशीबाईंच्या मुलाला, यशवंतला, या दोघांनी १८७४ च्या सुमारास दत्तक घेतलं. सावित्रीबाई तेव्हा चाळिशीत होत्या. जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून ठेवलं. १८९० मध्ये ते गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी हरकत घेतली आणि अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती धरलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

मालतीबाईंनी मूल न होणं निवडलं, सावित्रीबाईंना ते झालं नाही. आज आपण दोघींचं नाव आदरानं घेतो, आणि तो आदर मोजताना ‘का झालं नाही’ असा प्रश्न मनाला शिवतही नाही. मोहगावच्या, पिपळ्याच्या, लोधीखेड्याच्या बाईला एवढंच हवं आहे.

निवड खरी केव्हा होते?

निवडीला मान द्या, असं म्हणणं सोपं आहे. पण दोन्ही वाटा खुल्या असल्या तरच निवडीला अर्थ येतो. मूल हवं असलेलीला वेळेवर उपचार मिळाले पाहिजेत आणि नको असलेलीला नको म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडे दोन्ही अडतं, आणि दोन्हीकडे भार बाईच्याच अंगावर पडतो.

आमच्या मोहगावात सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. लांबून लोक दर्शनाला येतात. अर्धा पुरुष आणि अर्धी स्त्री मिळून एक, असं रूप ज्या गावाचा देव धारण करतो, त्या गावात मूल न होण्याचा सगळा दोष अर्ध्याच भागावर येतो. वैद्यक वेगळं सांगतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणाबरोबर. पुरुषाची पहिली तपासणी साधी असते. ना चिरफाड, ना भूल. बाईच्या तपासण्या महागड्या, लांबलचक आणि पुष्कळदा वेदनेच्या असतात. तरी आपल्याकडे आधी बाईला सौंसरला नेतात, मग नागपूरला, आणि पाच वर्षांनी कुणीतरी डॉक्टर नवऱ्याला विचारतो, “तुमचा रिपोर्ट कुठे आहे?” तोवर तिचं वय पुढे गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. इतक्या सर्रास दुखण्यावर लाजेचं पांघरूण घालून आपण बायकांची वर्षं वाया घालवतो.

पैशाची अडचण वेगळीच. कृत्रिम गर्भधारणेच्या एका खेपेला खाजगी दवाखान्यात लाख-दीड लाख, कधी त्याहून जास्त लागतात आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत. म्हणजे बागेचा सौदा आगाऊ घ्यायचा, दागिने मोडायचे, आणि तेवढ्यावर थांबायचं. गोव्यानं २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत सुरू केले. म्हणजे सरकारनं मनावर घेतलं तर होतं. शिवाय जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानं या उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ ठरवलं आहे. वयाची ही हद्द गावातल्या किती जोडप्यांना वेळेवर कळते?

आता दुसरी वाट. मूल नको असेल, किंवा आता पुरे असेल, तर ते कुणाच्या शरीरावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात ३७.९ टक्के विवाहितांच्या घरी बाईची नसबंदी झालेली आढळली, पुरुषाची ०.३ टक्के. एकोणीसशे शहात्तर साली आणीबाणीत पुरुषांवर झालेली जबरदस्ती आपल्या लोकांच्या अजून ध्यानात आहे, आणि ती वाईटच होती. पण त्यानंतर सगळा भार बायकांकडे सरकला आणि त्याबद्दल फार थोड्यांनी आवाज उठवला. मूल होऊ द्यायचं तर बाईचं शरीर, होऊ द्यायचं नाही तरी बाईचं शरीर, आणि नाही झालं तर जबाबही बाईनंच द्यायचा.

काही जण म्हणतील, असं बोललात तर तरुण मुली लेकरं होऊ देणारच नाहीत. त्याच पाहणीनुसार मध्य प्रदेशात एका बाईमागे सरासरी मुलांचं प्रमाण २.० आहे आणि शेजारच्या महाराष्ट्रात १.७. आपल्या राज्यात लोकांना मुलं हवी आहेत आणि होतही आहेत. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास जन्मलेल्या बायकांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त जणींना मूल नाही. तिथलं सरकार काळजीत आहे, पण कुणाच्या डोक्यावर वांझपणाचा शिक्का मारून तिथे एक पाळणाही जास्त हललेला नाही. धाकानं झालेल्या मातृत्वाचं सुख ना आईला, ना लेकराला.

म्हातारपणाचा प्रश्न

‘तुझं म्हातारपणी कोण करेल?’ हा शेवटचा बाण असतो. त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं.

२००७ मध्ये संसदेनं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. तो मुळात का करावा लागला? मुलं असलेल्या आई-वडिलांना मुलं सांभाळत नव्हती म्हणून. मूल असणं म्हणजे म्हातारपणाची सोय, हे गृहीत किती कच्चं आहे ते देशाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

याच कायद्यात एक तरतूद मूल नसलेल्यांसाठी आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यात किती जणींना ठाऊक असेल, सांगता येत नाही. मूल नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तीची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा तिच्या मागे ज्याला वारसानं मिळणार आहे, अशा ऐपतदार सज्ञान नातेवाइकावर तिच्या पालनपोषणाची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे पुतण्याला काकूचं शेत मिळणार असेल, तर काकूची भाकरीही त्यानं दिली पाहिजे. दाद मागण्यासाठी एसडीएमच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं न्यायाधिकरण असतं. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. नोटीस लागल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्यावरचं अपील आपल्या पातळीवर चालतं. तेव्हा महोदय, ही चावी आपल्याच कचेरीत आहे.

त्याच कायद्याचं कलम २३ आहे. ‘मला सांभाळशील’ या अटीवर जमीन किंवा घर कुणाच्या नावावर केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. पण अट दानपत्रात लिहिलेली असावी. आमच्याकडे मूल नसलेली बाई भाच्याच्या किंवा पुतण्याच्या नावावर सगळं करून टाकते ते शब्दावर, विश्वासावर. अटीची एक ओळ त्या कागदात लिहून घ्या, एवढं तिला सांगणारं कुणी नसतं.

याहून गंभीर गोष्ट वारसाची आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिनं स्वतःच्या कष्टानं कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आई-बाप त्यानंतर येतात. आई-बापाकडून आलेलं तेवढं बापाच्या वारसांकडे परततं. नारायणीदेवींचा खटला याबाबतीत डोळे उघडणारा आहे. १९५५ मध्ये लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरी केली, पैसा साठवला. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता गेल्या. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा शब्द पाळला आणि त्यांची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. आयुष्यभर ज्यांनी विचारलं नाही, त्यांच्या हाती ती पडली.

हे टाळायला काय लागतं? साधा कागद, तिची सही किंवा अंगठा, आणि समोर सही करणारे दोन साक्षीदार. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आमच्याकडे ‘वसीयत’ म्हटलं की मरणाची अभद्र भाषा वाटते. पण ज्या बहिणीनं, ज्या मैत्रिणीनं, ज्या पुतणीनं आपलं केलं, तिच्या हाती आपलं काहीतरी पडावं ही इच्छा बाईची शेवटची निवड असते. तीही फौतीच्या नामांतरणाच्या वेळी पटवाऱ्याच्या दप्तरात गुपचूप पुसली जावी का?

दत्तकाबद्दलही असंच आहे. लोकांना वाटतं चाळिशीनंतर दार बंद. २०२२ च्या नियमांप्रमाणे चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी एकट्या पालकाचं वय पन्नासपर्यंत आणि जोडप्याच्या वयाची बेरीज शंभरपर्यंत चालते. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी एकट्याला पंचावन्न, जोडप्याला बेरीज एकशे दहा. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेऊ शकते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे इथेही सही आपलीच. मोठ्या वयाची लेकरं घराची वाट बघत संस्थांत राहतात आणि मोठ्या वयाच्या बायका लेकराची वाट बघत घरी राहतात. दोघांना एकमेकांचा पत्ता देणारं कुणीतरी हवं. ज्यांना दत्तक नको त्यांच्यामागे ‘मग दत्तक तरी घ्या’ असा लकडा मात्र नको. तीही त्यांचीच निवड आहे.

मोजणीत आणि मांडवात

आजवरच्या जनगणनांत किती मुलं झाली हा प्रश्न लग्न झालेल्या बायकांनाच विचारला गेला. लग्न न झालेलीला विचारलं नाही, पुरुषाला तर नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायका घेतात त्या १५ ते ४९ वयाच्या. पन्नास पूर्ण झाली की बाई त्या पाहणीतून बाहेर पडते. लाडली बहना योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आहेत. लग्नच न झालेली नाही. तिच्यासाठी राज्याची वेगळी पेन्शन आहे ती पन्नाशीनंतर. भावंडांसाठी आयुष्य दिलेली पंचेचाळीस वर्षांची थोरली बहीण या सगळ्या चाळण्यांतून खाली पडते. समग्र आयडीत ती भावाच्या कुटुंबातली एक ओळ असते, बस.

आता मांडवातलं सांगते. श्रावणात जिवतीची पूजा असते, लेकरांना ओवाळतात. घरची रीत आहे, ती घराघरानं ठरवावी. पण अंगणवाडीतली गोदभराई हा सरकारी कार्यक्रम आहे. तिथे गर्भवतीची ओटी भरायला ‘लेकुरवाळीच’ पुढे बोलावली जाते आणि मूल नसलेली, विधवा, एकटी बाई भिंतीशी उभी राहते. कुणी नियम केलेला नाही. पण कुणी मोडलेलाही नाही. सरकारच्या पैशानं चाललेल्या कार्यक्रमात हा भेद असता कामा नये.

मागण्या

म्हणून आपल्याकडे या मागण्या करते.

१. सौंसर आणि पांढुर्णा इथल्या पालनपोषण न्यायाधिकरणांची माहिती, अर्जाचा नमुना आणि ‘मूल नसलेल्या ज्येष्ठांचाही हक्क’ हे वाक्य मराठी आणि हिंदीत प्रत्येक पंचायत आणि नगर परिषदेच्या फलकावर लावावं. कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. नव्या जिल्ह्याच्या आराखड्यात त्याची जागा आताच राखावी.

२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीनं मृत्युपत्र आणि दानपत्राची शिबिरं घ्यावीत. चाळिशीपुढच्या बायकांना कलम १५ आणि कलम २३ समजावून सांगावं आणि कागद तिथल्या तिथे लिहून द्यावेत.

३. सरकारी दवाखान्यात मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात पुरुषाची तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. नवऱ्याच्या अहवालाशिवाय बाईच्या मोठ्या तपासण्या सुरू होऊ नयेत. आशा कार्यकर्तीनं हे घरी जाऊन नवऱ्यालाही सांगावं.

४. दत्तकाच्या वयोमर्यादा आणि अर्जाची पद्धत महिला व बाल विकास विभागानं गावोगावी पोहोचवावी, कुणालाही आग्रह न करता.

५. अंगणवाडीच्या गोदभराईत ओटी भरण्याचा मान गावातल्या कोणत्याही बाईला मिळावा, असं लेखी कळवावं.

६. या कोणत्याही कामात, कोणत्याही अर्जात, उपचाराशी थेट संबंध नसेल तिथे ‘मूल का नाही’ हा रकाना किंवा प्रश्न नसावा.

सहावी मागणी बाकी पाचांचा पाया आहे. जिनं ठरवून मूल होऊ दिलं नाही तिला पोटगीचा जितका हक्क आहे, तितकाच जिला झालं नाही तिला आहे. वारसाचा कायदा दोघींना सारखा लागतो, म्हातारपण दोघींना सारखंच येतं. तिनं निवडलं का, निवडता आलं का, हे तिच्या मनापाशी आणि फार तर तिच्या माणसापाशी राहू द्यावं.

यांतल्या बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. आहेत ते कायदे आपल्या सहीनं आणि आपल्या माणसांच्या पायांनी गावापर्यंत यायला हवेत. पहिलं शिबिर मोहगावात घ्या. तारीख कळवा, बायकांना घरोघरी जाऊन बोलावून आणण्याचं काम आमच्याकडे.

आपली,
मोहगावची एक रहिवासी